तीनशे अठरा नंबरचा बिल्ला

एल्स्पेथ रेनीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर बंद पडलेल्या कोळसा-खाणीचा, नंबरवार खुंट्यांचा हजेरी-फळा होता. शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी संपल्यापासून तिने स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातले जुने बाजार आणि लिलाव पालथे घालून त्या खाणीतल्या कामगारांचे चारशे अकरा पितळी बिल्ले जमवले होते. ते कपाटाच्या खणांत, क्रमाने. फळ्यावर नुसत्या खुंट्या.

खाणीचा नियमच तो. माणूस खाली असेपर्यंत त्याचा बिल्ला खुंटीला. वर येऊन दिवा जमा केला की बिल्ला त्याच्या हातात. फळा रिकामा म्हणजे सगळे वर.

खूप वर्षांपूर्वी खाणीत आग लागली, त्या दिवशी फळा रिकामा झाला, म्हणून आग कोंडायला बोगद्याचं तोंड भिंतीने बांधून टाकलं. पण तिचा भाऊ डूगल घरी आला नाही. "वर आलाय तो, गेला असेल कुठेतरी," म्हणत आईने मरेपर्यंत त्याचं ताट मांडलं. नंतर एल्स्पेथने.

बुधवारी दुपारी खाणीच्या दिवेघरात दिवे नि बिल्ले सांभाळणारा म्हातारा वॉटी गेडिस आला आणि त्याने रुमालातून ३१८ नंबर काढला. डूगलचा.

"काय वॉटीकाका, माझ्या भंगाराची दया आली वाटतं?" ती हसली.

"थट्टा नको, पोरी. आगीच्या दिवशी मी त्याच्या हातात दिला होता हा. तो नखशिखांत भिजलेला. 'वॉटी, उशीर झाला का रे?' म्हणाला. मी साहेबांना सांगून आलो, सगळे वर आले."

"म्हणजे वर आला तो!"

"दिवा नव्हता त्याच्याकडे. दिव्याशिवाय मी कुणाला बिल्ला दिला नाही कधी, फक्त त्याला. परत येऊन बघतो तर बिल्ला दिवेघराच्या खिडकीच्या फळीवरच, पाण्यात. तोवर बोगद्याच्या तोंडाशी भिंत चढायला लागली होती." त्याने चहाकडे पाहिलं. "मी कुणापाशी तोंड उघडलं नाही."

एल्स्पेथने बिल्ला हातात घेतला.

"घरी जा, काका," ती शेवटी म्हणाली.

तिने बिल्ला पुसला. ३१८च्या खुंटीला अडकवला. इतक्या वर्षांनी फळा खरं बोलत होता.

त्या संध्याकाळी तिने एकच ताट मांडलं.

सकाळी दाराची कडी आतून तशीच होती. फरशी ओली होती.

खुंटी रिकामी होती.

टेबलावर, डूगलच्या जागी, खाणीतला दिवा होता. तळाशी ३१८.

तिने काचेवर बोट ठेवलं. काच अजून कोमट होती.