शून्याचा रकाना

डायरी निळ्या पुठ्ठ्याची आहे. रोजचं एक पान, पानावर सहा रकाने. तारीख, सकाळचा डोस, संध्याकाळचा डोस, झटके किती, किती सेकंद, पाहणाऱ्याची सही. दिवसभरात एकही झटका आला नाही तर शून्य लिहायचं. रेघ मारायची नाही, रिकामं तर सोडायचंच नाही. एकदा मी रेघ मारली, तर रुग्णालयातून तीन फोन आले.

फोन करणाऱ्या बाई औषधचाचणीच्या समन्वयक. माझा नवरा त्यांना रकानाताई म्हणतो. बाई वाईट नाहीत, पण माणसाशी बोलतानाही त्यांचं एक बोट कागदावर असतं.

चाचणी कॅनाबिडिऑलची. गांजाच्या झाडातून काढतात, पण नशा येत नाही, हे मी सासूबाईंना फोनवर चार वेळा समजावलं. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा, मी कुणाला सांगणार नाही," आणि दोन्ही नणंदांना सांगून मोकळ्या झाल्या. वर आणखी भानगड अशी, की बाटलीत खरं औषध आहे की नुसतं तेल, हे आम्हालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

मुलगी पाच वर्षांची. तेलाचा घोट गालात धरून बसते, गिळतच नाही, म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो. मी तिचं नाक हलकेच दाबते, ती हसते, तेल पोटात जातं. एक डोस, वीस मिनिटं.

तिचे झटके धडपडीचे नव्हते. ती मध्येच थांबायची. नजर डावीकडे वळायची, ओठ मचमच करायचे आणि उजव्या हाताची बोटं फ्रॉकची कड चोळत राहायची. मी घड्याळाकडे बघत मोठ्यानं सेकंद मोजायची. ती परत आली की गालावर हात ठेवून म्हणायची, "झालं बाळा, झालं. मी इथेच आहे." तेल सुरू होण्याआधीच्या चार आठवड्यांत असे तेवीस झाले. डायरीच्या पहिल्या पानावर तो आकडा चौकटीत आहे.

तेल सुरू झाल्याच्या नवव्या दिवशी शून्य. दहाव्या दिवशी शून्य. पुढे शून्यच. खारू पूर्ण वाक्यं बोलायला लागली, बुटाचे बंद स्वतः बांधायला लागली. सकाळची शाळा सुरू झाली, नऊ ते बारा. दोन वर्षांत पहिल्यांदा मला तीन तास माझे मिळाले.

त्या तीन तासांचं मी काय करत होते, हे मात्र मला नीट सांगता येत नाही. दूध दोनदा करपलं. चहा हातातच गार व्हायचा. नवरा एकदा म्हणाला, "अगं, तिसऱ्यांदा विचारतोय, किल्ली कुठाय?"

"पहिल्या दोन वेळा मनात विचारलं असशील."

तो हसला नाही. दोन वर्षांची झोप राहिलीये माझी, मी म्हटलं. ओढणीची उजवीकडची कड विरत चालली होती. कापडच हलकं, असंही मीच म्हटलं.

परवा आठव्या आठवड्याची भेट होती. लिफ्ट बंद. खारू आणि मी जिने चढून गेलो तर रक्त घेणारा माणूस जेवायला गेलेला, अकराच्या आत. मी आणलेली रिकामी बाटली रकानाताईंनी उजेडाकडे धरली आणि विचारलं, "झाकण?" झाकण घरी राहिलं होतं. त्याचा एक वेगळा फॉर्म भरला.

मग त्या डायरी चाळायला लागल्या आणि थांबल्या.

"हे काय आहे?"

पानांच्या पाठीमागे हिरव्या खडूच्या खुणा होत्या. आडव्या, छोट्या, एकाखाली एक. पाठची बाजू मी कधी बघत नाही, तिथे लिहायचं काहीच नसतं.

"हा अधिकृत कागद आहे हो. मुलीच्या हाती कसा दिलात?"

"दिला नाही. कपाटावर असतो."

त्या मोजायला लागल्या. मोजून झाल्यावर त्यांनी पहिलं पान उघडलं, पुन्हा मागे आल्या, पुन्हा मोजलं. गेल्या चार आठवड्यांत तेवीस.

"खरं सांगा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "झटके लपवताय का? डायरी खोटी ठरली तर तिला चाचणीतून काढावं लागेल. बाटली परत."

"एकही आलेला नाही. शाळेत विचारा."

त्यांनी खारूकडे वळून विचारलं, "ह्या कसल्या खुणा गं, राणी?"

"आईच्या," खारू म्हणाली. "आई थांबते ना, तेव्हाच्या."

खोलीत पंख्याचा आवाज होता. रकानाताईंनी पेन माझ्याकडे सरकवलं. नियमच तसा. चूक खोडायची तर एकच रेघ, बाजूला कारण, सही आणि वेळ. कारण त्यांनीच सांगितलं, मुलीचा खेळ. मी सह्या करायला लागले. अकरा दहा. अकरा दहा. अकरा अकरा.

एकोणिसावी सही पानाबाहेर टेबलावर गेली होती.

घड्याळात अकरा सोळा.

माझी बोटं ओढणीच्या कडेवर होती. गालावर छोटा, गरम हात होता.

"झालं बाळा, झालं," खारू म्हणत होती. "मी इथेच आहे."

रकानाताईंचं बोट पहिल्यांदा कागदावर नव्हतं. मग त्यांनी पालकाचा फॉर्म पुढे केला. शेवटचा प्रश्न होता, गेल्या चार आठवड्यांत पालकाला झालेले नवीन त्रास किती.

"हा रकाना मला रिकामा घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जे लिहाल ते मी घेईन."

खारू खाली बसून बुटाचा बंद बांधत होती. डाव्याची गाठ जमली. जीभ बाहेर काढून तिनं उजवा बूट ओढून घेतला.

मी शून्य लिहिलं. नवी बाटली घेतली आणि आम्ही दोघी जिने उतरलो.

आज सकाळपासून हे सगळं लिहून ठेवतेय, नवऱ्याला दाखवायचं की नाही ते नंतर बघू. खारूला नऊला शाळेत सोडलं, घरी आल्यावर दाराला आतून कडी घातली. आत्ता साडेदहा झालेत. बसले तेव्हा हा कागद कोरा होता.

समासात तीन हिरव्या खुणा आहेत. तिसरीवर खडूचा चुरा अजून तसाच आहे. मी फुंकर मारली, तो उडाला.