उरलेली दोरी

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. माझ्या मिस्टरांसोबत घडली आणि मी तिथेच होते. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

मागच्या डिसेंबरातली. अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती. चांगली टळटळीत दुपार होती.

आम्ही वडनेर सोडून सिंदी मेघेला राहायला निघालो होतो. पिकअपमध्ये कपाट, दिवाण, गाद्या, भांड्यांची पोती. बांधायला दोरी कमी पडली.

शेजारच्या आनंदाबाई आठवड्यापूर्वीच वारल्या होत्या. तिरडी अंगणातच बांधली होती. उरलेली काथ्याची दोरी कुंपणावर तशीच पडली होती. अशी दोरी कोणी घरात घेत नाही.

आमच्या कैलासरावांनी घेतली.

आनंदाबाईंची सून धुरपता ओट्यावर बसली होती. तिने पाहिलं. "थे घेऊ नको, कैलास. माह्या सासूच्या तिरडीची हाय थे."

"काकू, दोरीले का समजते?" हे हसत म्हणाले. नवरा कोणाचं ऐकेल तर शपथ!

सगळीकडे यांनी सुरगाठी मारल्या. एक टोक ओढलं की सुटणाऱ्या. मी स्वतः पाहिल्या. मग कपाट सांभाळायला हे मागे गादीवर बसले. मी पुढे, ड्रायव्हर दुर्गेशच्या बाजूला.

गाडी हायवेला लागली.

आणि मागून आवाज यायला लागला...

कर्र... कर्र...

दोर ताणल्यासारखा.

दुर्गेश म्हणाला, वहिनी, धक्क्यांनी दोरी सैल होते. ही घट्ट कशी होतेय?

हिंगणघाटला चहासाठी थांबलो. दुर्गेश दोऱ्या बघायला गेला आणि तिथेच उभा राहिला.

एकही सुरगाठ उरली नव्हती. सगळ्या निरगाठी... पक्क्या, एकावर एक.

तिरडीला अशाच मारतात. ती गाठ कोणी सोडायची नसते.

मी यांना म्हटलं, पुढे येऊन बसा. हे म्हणाले, मग कपाटाचा आरसा कोण धरेल, तुझा बाप? मी रागाने पुढे जाऊन बसले.

गाडी पुन्हा निघाली. वर्धा रोडला लागेपर्यंत हे मागे गुणगुणत होते. मला काचेतून ऐकू येत होतं.

मग गुणगुणणं थांबलं.

कर्रकर्रही थांबली.

मी वळून पाहिलं. काचेत यांचं डोकं दिसेना...

मी ओरडले. दुर्गेशने करकचून ब्रेक मारला.

हे गादीवर उताणे पडले होते. सरळ. हात छातीवर. छातीपासून गुडघ्यांपर्यंत दोरी आडवीतिडवी आवळलेली. डोळे उघडे होते, श्वास चालू होता, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता.

चपला बाजूला नीट काढून ठेवलेल्या.

आणि पायाचे दोन्ही अंगठे काथ्याच्या धाग्याने एकमेकांना बांधलेले. असे अंगठे कधी बांधतात, ते तुम्हाला सांगायला नको.

दुर्गेशने सीटखालचा विळा काढून दोऱ्या कापल्या. अंगठ्यांचा धागा मला तुटेना. तोही त्यानेच तोडला. सगळी दोरी तिथेच शेताच्या धुऱ्यावर फेकून आम्ही निघालो.

यांना वाचा फुटली ती घरी आल्यावर.

"मले वाटलं, तूच बांधून राह्यली. म्हणून काई बोललो नाई."

मी चालत्या गाडीत पुढे बसले होते.

तेव्हापासून हे झोपतात ते अगदी सरळ, पाय जुळवून. मी रोज दोन्ही पायांमध्ये उशी ठेवते.

मागच्या आठवड्यात मी लग्नाला म्हणून एका रात्रीसाठी माहेरी गेले होते. पहाटे यांचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"छाया, तू रात्री आलती काय?"

मी नाही म्हटलं.

फक्त श्वास ऐकू येत होता...

"मंग लवकर येजो. माहे अंगठे सोडाचे हायेत. निरगाठ हाय, मले सुटून नाई राह्यली."

मी पहिल्या एसटीने आले. येताना सोबत विळा आणला. तो आता आमच्या उशाशी असतो.