चाळीस सेकंदांनी आलेलं उत्तर

मृणालची ही चौथी वाचापेटी. पहिलीपेक्षा शंभर पट वेगवान, आणि उत्तर द्यायला चाळीस सेकंद! पहिलीला दोन पुरायचे.

दुखण्यात मृणालचे हातपाय लुळे पडले आणि आवाजही गेला. तेव्हापासून घशातल्या नसांचे इशारे वाचून अशी डबी तिच्या वतीने बोलायची. अख्ख्या मिरजेत हजरजबाबी म्हणून गाजलेली बाई ती! आता पाहुण्यांचा विषय दोनदा बदलला की तिचं उत्तर यायचं, तेही गुळमुळीत. तुषाररावांचा जीव तुटायचा. बायको भांडत नाही, हे दुःख सांगावं तरी कुणाला?

शेवटी त्यांची संगणकशास्त्रज्ञ भाची ऋजुता पेटी उघडून बसली.

"अगं, यंत्र एवढं वेगवान, मग ही रखडते का?"

"मामा, मोठं घर घेतलं की अडगळ वाढते ना, तसंच. यंत्र पळतंय म्हटल्यावर प्रोग्राम लिहिणारे काटकसर सोडतात. जुन्या प्रोग्रामवर नवा थर, त्यावर आणखी एक. हवामान काय, सणांच्या शुभेच्छा काय! कुठला थर कशावर टेकलाय ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून काढायला कुणी धजत नाही."

"तू काढ. पण तिचं बोलणं जाऊ देऊ नकोस, बाई."

ऋजुताने तीनशेदहा थर काढले. पुढच्यापाशी ती थबकली. त्याचं नाव होतं सौजन्यथर.

"हा मामीचं बोलणं गोड करून ऐकवत होता," ती म्हणाली, आणि तिने तोही काढला.

पेटी ताडकन बोलली, "तीन वर्षं सांगतेय, पाठ दुखते, उशी बदला! आणि हा मेला डबा म्हणतो, मी मजेत आहे!"

"अगं, मग तसं सांगायचं नाही का?"

"सांगितलं की! तेही यानं गोड केलं!"

तुषाररावांनी धावत जाऊन उशी बदलली. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. हीच ती, हीच त्यांची मृणाल! मग एकाएकी ते चाचरले.

"आणि लग्नाच्या वाढदिवसाला म्हणालीस ते? 'तुम्ही आहात म्हणून मी आहे'?"

"मी? मी म्हणाले, खिरीत साखर नाही."

ऋजुता खो खो हसली. तुषाररावही हसले. मृणालला उचलून बसवताना, तिच्यासाठी रात्ररात्र जागताना, त्या एका वाक्यावर त्यांनी दिवस काढले होते.

मृणालचं लक्ष नाही असं पाहून ते भाचीकडे वाकले.

"तो थर," त्यांनी हळूच विचारलं, "पुसून टाकलास, की ठेवलायस कुठे?"