दोन बोटांचा फरक

"माझ्या मामूला चोर म्हणाला तो. तीस वर्षं ज्याच्या दुकानात मामूने हात काळे केले, तो. आणि कशावरून, तर मी त्याच्याकडची स्वस्तातली बंदूक घेतली म्हणून."

जहांआरा दारातच उभी राहून बोलत होती. चपला काढायचंही तिला भान नव्हतं. सूर्यकांतने पुढे केलेली खुर्ची तिने हाताने मागे सारली.

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्या घराच्या दारावर पाटी नाही. अनुपमा विमा कंपन्यांसाठी नुकसानीच्या चौकशा करते आणि अधूनमधून अशी घरगुती प्रकरणंही तिच्या गळ्यात पडतात. तिचा धाकटा काका सूर्यकांत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतून निवृत्त झाला, तेव्हापासून तो तिची गाडी चालवतो. विचार करायचं काम तिचं. रागावण्याचं खातं त्याच्याकडे, आणि ते तो मनापासून सांभाळतो.

"बस, आणि पहिल्यापासून सांग," अनुपमा म्हणाली. जहांआरा याच इमारतीत दोन मजले खाली राहायची आणि एका शाळेत नर्स होती.

"आमच्या अब्बांकडे ठासणीची बंदूक होती, रत्नागिरीला. भातात डुकरं शिरली की बार काढायचे. मुलगी म्हणून मला कधी हात लावू दिला नाही. आता उम्म अल कुवैनच्या क्लबात जुन्या बंदुकांचा ग्रुप आहे, मी मेंबर झाले. म्हटलं, आपली पहिली ठासणीची रायफल स्वतःच्या पगारातून घ्यायची. बजेट अडीच हजार दिरहॅम, म्हणजे आपले सत्तावन्न-अठ्ठावन्न हजार. वर एक फिल्स नाही."

"आणि दुकान मामूंचंच."

"दुकान अजीजशेठचं. मामू तिथे कारागीर. शनिवारी गेले. शेठनी बजेटातल्या तीन दाखवल्या. एक नंबर इटलीची, दारूच्या टोपीवर उडणारी, वापरलेली. दोन नंबर चकमकीची, तिचा खटका झिजलेला. तीन नंबर दुकानाची स्वतःची नक्कल. शेठच्या भिंतीवर त्यांच्या वालिदांची एक जुनी रायफल आहे, तिच्या मापावर हमरियातल्या त्यांच्या कारखान्यात नकला बनवतात, त्यातली. मामू म्हणाला, एक नंबर घे. पहिली बंदूक हलकी हवी, स्पेअर मिळायला हवेत, नकला नुसत्या शोभेच्या. भांडलाच माझ्याशी. पण अब्बा नळी टांगून नाण्याने वाजवायचे, मडकं वाजवतात तशी. तीन नंबर अशी खणखणीत वाजली की मी म्हटलं, खलास, हीच."

"बार ठासायचा गज नळीत घालून बघितलास?"

"बघितला ना. दोन बोटं आत बुडाला. मी म्हटलं, शेठ, गज आखूड दिलाय, पन्नास दिरहॅम कमी करा. त्यांनी केले. परमिट येईपर्यंत बंदूक दुकानातच ठेवायची होती. मग तो मॅनेजर सत्यजित माझ्या मागे लागला. तीन वेळा फोन. एक नंबर घ्या, दोनशे कमी करतो, तीन नंबर परत द्या. मी म्हटलं, मामूने सांगून ऐकलं नाही, तुमचं काय ऐकू?"

आणि काल, सोमवारी, आभाळ फाटलं. भिंतीवरच्या रायफलीची नळी नकली निघाली. खरी नळी सापडली ती जहांआराच्या तीन नंबरमध्ये. त्या रायफलीची किंमत ऐंशी हजार दिरहॅम, म्हणजे अठरा लाखांच्या वर, आणि ती किंमत सगळी त्या नळीची. मामाने भाचीला अठरा लाखांचा माल अडीच हजारांत काढून दिला, असा सरळ हिशेब शेठनी मांडला. आज चार वाजेपर्यंत कबूल कर, नाहीतर पोलीस.

सूर्यकांतने गाडीची किल्ली उचलली आणि तिघं निघाली. अकरा वाजले होते.

---

दुकान उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल भागात होतं. बाहेर, बेचाळीस अंशांत, दाराशेजारी एका प्लास्टिकच्या स्टुलावर साठीचा एक माणूस बसला होता. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. हाच जहांआराचा मामू, मोहिद्दीन. आत एसी चालू होता आणि काचेतून सगळे दिसत होते. त्या स्टुलाकडे बघूनच सूर्यकांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चाचा, आत चला," तो म्हणाला.

"शेठनी इथे बसवलंय. इथेच बसणार. आता त्यांनी बोलावलं तरच उठीन."

अनुपमा त्याच्यासमोर उकिडवी बसली. "नळी बदललेली कशी कळली, हे तुम्हाला सांगितलं?"

"कोण सांगणार? काल सकाळी आलो, शेठनी हातातून किल्ली घेतली, चोर म्हणाले, बाहेर बसवलं. मी तोंड उघडलं तर म्हणाले, एक लफ्ज नको."

"नळी बदलायला किती वेळ लागतो?"

"तीन पाचरी आणि एक स्क्रू. दहा मिनिटं. नक्कल बाहेरून केसाइतकी सारखी आहे. नळीला काळा रंगही तसाच, कारण मोठ्या शेठनी, म्हणजे यांच्या वालिदांनी, खऱ्या नळीला खारी हवा लागू नये म्हणून काळा रंग मारला होता. फरक फक्त आत. नकलेच्या बुडाचं बूच मी सेफ्टीसाठी लांब ठेवतो, म्हणून नळी आतून दोन बोटं उथळ. तिचा गजही मी तेवढाच आखूड कापतो, म्हणजे आत सोडला की तोंडाशी बरोबर येतो."

"सगळे गज तुम्हीच करता?"

"तीस वर्षं. एक गज घासायला मला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागतो."

अनुपमाने मान हलवली. जहांआरा मामूजवळच थांबली. सूर्यकांतने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि काही न बोलता दार ढकललं.

अजीजशेठ सत्तरीचे होते, अंगात पांढरा पायघोळ कंदुरा, मेंदी लावलेली दाढी. ते बोलत नव्हते, गरजत होते. "त्याच्या मुलीच्या लग्नाला मी स्वतः गेलो होतो. स्वतः. आणि त्याने माझ्या बापाच्या बंदुकीला हात लावला."

भिंतीवर ती रायफल होती. लांब लाकडी दस्ता, काळी नळी आणि नळीखाली लाकडाच्या खोबणीत बसवलेला गज. एवढ्याशा वस्तूसाठी एक माणूस उन्हात भाजतोय, या विचाराने सूर्यकांतला राहवलं नाही. त्याने सरळ गजाचं टोक धरलं आणि ओढलं. गज तसूभर हलला नाही. त्याच्या अंगठ्याचं नख मात्र उलटलं.

"हात काढा," शेठ ओरडले. "तो निघत नाही. वालिदांनी लाँचमधून आणली तेव्हा समुद्राचं पाणी लागून लाकूड फुगलं. चाळीस वर्षं तो गज तसाच आहे. ओढलात तर दस्ता फुटेल."

सूर्यकांत अंगठा तोंडात घालून मागे सरकला. अनुपमाने त्याच्याकडे बघितलं, पण नेहमीसारखं टोकलं नाही.

"शनिवारी तीन नंबर तुम्हीच काढून दाखवलीत?" तिने शेठना विचारलं.

"मीच. सत्यजित सकाळी नव्हता. बाई म्हणाली बजेटातली अजून दाखवा, तर रॅकच्या मागे ही उभी केलेली दिसली. मोहिद्दीन म्हणत होता नको घेऊ, नको घेऊ. नाटक. आता कळतंय."

"आणि गज आखूड म्हणून पन्नास दिरहॅम कमी केलेत."

"केले. मला काय माहीत आतमध्ये माझ्याच बापाची नळी आहे."

शेठचा मुलगा यहया कॉम्प्युटरसमोर बसला होता. बापाचा आवाज चढला की तो स्क्रीनकडे आणखी वाकायचा.

"तुम्हाला ती रायफल विकायची होती, असं ऐकलं," अनुपमा म्हणाली.

"ओपनली सांगतो, हो. हमरियात नवीन मशीन घ्यायचंय. अब्बा नाही म्हणाले, विषय खलास. मला चोरायची असती तर मी पूर्ण बंदूक नेली असती, नुसती नळी कशाला? बरं, या गुरुवारी व्हॅल्युअर येणार आहे, इन्शुरन्ससाठी. तो पंधरा मिनिटांत पकडणार होता."

"दुकानाची किल्ली कोणाकोणाकडे?"

"अब्बा, मी, सत्यजित, मोहिद्दीनचाचा. आणि शनिवारी बारापर्यंत सत्यजित माझ्याबरोबर हमरियात होता, हे पण लिहून घ्या. तो सेल झाला तेव्हा तो इथे नव्हताच."

सत्यजितने त्यांच्यासाठी आपणहून चहा मागवला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणारा. एवढ्या सगळ्या तापलेल्या माणसांत तेवढाच एक थंड होता, आणि सूर्यकांतला तो म्हणूनच बरा वाटला.

"मला फार वाईट वाटतं, मॅडम. चाचांनी मला काम शिकवलं. पण काय करणार, समोर दिसलं ते शेठना सांगणं माझी ड्युटी आहे."

"नेमकं काय दिसलं?"

"काल सकाळी भिंतीवरची क्लीनिंगसाठी खाली घेतली. सवयीने गज नळीत सोडला. दोन बोटं वर राहिला. खऱ्या नळीत तो तोंडाशी बरोबर यायला हवा. मला लगेच स्ट्राइक झालं की ही नकलेची नळी आहे. मग रॅकमधल्या सगळ्या नकला तपासल्या. तीन नंबरचा गज आत बुडाला. रंग खरवडला, तर खाली जुन्या, पीळ देऊन घडवलेल्या लोखंडाची नक्षी. तसाच शेठकडे गेलो."

"कुठला गज सोडलात? साफसफाईचा?"

"नाही, त्याच बंदुकीचा. दुसऱ्या गजावर कसं कळणार?"

"जहांआराला तीनदा फोन का केलात?"

"कस्टमर सर्व्हिस, मॅडम. आखूड गजाची बंदूक विकली गेली, दुकानाचं नाव खराब होतं."

"बरोबर," अनुपमा म्हणाली आणि चहा संपवला.

बाहेर आल्यावर सूर्यकांत म्हणाला, "मला तर तो यहयाच वाटतो. मशीन हवंय, बाप ऐकत नाही."

"काका, अंगठा दुखतोय?"

"ठणकतोय. का?"

"असू दे. आजचं सगळ्यात मोठं काम त्यानेच केलं."

---

साडेतीन वाजता अनुपमाने सगळ्यांना आत बोलावलं. मोहिद्दीन उठेना. शेवटी तिने दार उघडंच ठेवलं, एसी बाहेर गेला तर जाऊ दे म्हणाली, आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"शेठ, तुमचं म्हणणं असं की भाचीने तीन नंबर बुक केली आणि मग मोहिद्दीनचाचांनी आत खरी नळी घातली. पण तीन नंबरचा गज शनिवारी, बुकिंगच्या आधीच, आत बुडाला होता. आखूड गज म्हणून तुम्हीच पन्नास कमी केलेत. गज आखूड नव्हता, नळी खोल होती. म्हणजे खरी नळी तिथे आधीपासून होती."

"मग त्याने आधी घातली," शेठ म्हणाले. "आणि तिला सांगितलं ही घे."

"तुमच्या समोर ते तिला 'नको घेऊ' म्हणून भांडत होते."

"नाटक होतं ते."

"बरं, नाटक समजा. पण हा माणूस चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात नवा गज करतो. दोन बोटांच्या फरकाने कोणीही पकडेल, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? नळी त्यांनी बदलली असती तर गजही बदलला असता. तीन नंबरमध्ये आखूड गज राहिला, कारण बदलणाऱ्याला गज करता येत नव्हता आणि भिंतीवरचा काढता येत नव्हता."

सत्यजितने रुमालाने मान पुसली.

"नळी चोरणाऱ्याला पूर्ण बंदूक नेता येत नव्हती, भिंत रिकामी दिसली असती. स्वस्त नकलेच्या कागदांवर मात्र ती नळी राजरोस दारातून बाहेर गेली असती. म्हणून ती नक्कल रॅकच्या मागे लपवली, आपल्या गिऱ्हाइकासाठी. पण शनिवारी तो माणूस हमरियात अडकला आणि इकडे एक बाई आली, जी बंदूक किंमत बघून नाही, नाण्याने वाजवून निवडते. तो परत आला तेव्हा बंदूक विकली गेली होती. तीन फोन केले, दोनशे दिरहॅम सोडायची तयारी दाखवली. ती ऐकेना. गुरुवारी व्हॅल्युअर येणार. मग एकच वाट उरली. चोरी आपणच शोधून काढायची आणि जिच्याकडे माल सापडतो तिच्या मामाच्या गळ्यात घालायची."

"मॅडम, दिस इज टू मच," सत्यजित म्हणाला. "मी गज घालून बघितला म्हणून तर हे उघडकीला आलं."

"कुठला गज?"

"सांगितलं ना, त्याच—"

तो थांबला. अनुपमा भिंतीकडे गेली नाही, सूर्यकांतकडे वळली. "काका, अंगठा दाखवा."

सूर्यकांतने काळानिळा अंगठा वर धरला, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. जो गज चाळीस वर्षं निघाला नाही, तो या गृहस्थाने काल सकाळी सवयीने नळीत सोडला होता म्हणे.

"दोन बोटांचं माप तुम्हाला गजाने दिलंच नाही," अनुपमा म्हणाली. "नळ्या बदलताना तुमच्या हाताने दिलं."

यहया उठून दारात आडवा उभा राहिला आणि त्याने फोन काढून पोलिसांचा नंबर लावला. सत्यजित खुर्चीवर बसला. आता तो थंड दिसत नव्हता.

सूर्यकांतला त्याची मान धरावीशी वाटली. पण त्याहून जास्त राग त्याला स्वतःचा येत होता, कारण दुकानातला एकच माणूस त्याला बरा वाटला होता आणि तो हाच होता.

अजीजशेठ बाहेर गेले. खिशातून किल्ली काढून त्यांनी मोहिद्दीनसमोर धरली. "आत ये. गलती झाली. माफ कर."

मोहिद्दीन उठला. किल्ली त्याने घेतली नाही.

"शेठ, तो गज निघत नाही हे इथे सगळ्यात जास्त कोणाला माहीत होतं?"

शेठचा किल्ली धरलेला हात खाली आला.

"तुम्हाला. तुम्हीच सगळ्यांना सांगता, हात लावू नका, निघत नाही. त्याने येऊन सांगितलं, गज काढला, घातला. तुम्ही ऐकून घेतलंत. एकदा विचारलंत, अरे, निघाला कसा? मी तोंड उघडलं तर म्हणालात, एक लफ्ज नको."

"मला राग आला होता, मोहिद्दीन."

"मला पण आलाय," मोहिद्दीन म्हणाला. "पण मी दोन दिवस उन्हात बसून आधी ऐकलं सगळं. मग आलाय."

तो आत गेला, आपली कानशी आणि छिन्न्यांची पेटी घेतली आणि थेट सूर्यकांतच्या गाडीत जाऊन बसला. जहांआरा त्याच्या मागे आली.

"मामू, तू म्हणालास ती एक नंबरच घेते मी. तुझं बरोबर होतं."

"एक नंबर चांगली आहे," तो म्हणाला. "पण या दुकानातून नको. दुसरीकडे बघू. मी येतो बरोबर, इन्शाल्ला."

सूर्यकांतने गाडी मागे घेतली. दुकानाचं दार अजून उघडंच होतं. आत अजीजशेठ भिंतीसमोर उभे राहून दोन्ही हातांनी तो गज ओढत होते, आणि तो हलत नव्हता.