न वाजलेला ठोका

दुबईतल्या अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये तेवीस नंबरचं पार्किंग संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात रिकामं असतं. डॅडी तेव्हा हॉटेलच्या रिसेप्शनवर ड्युटीला, आणि गाडी त्यांच्याबरोबर. त्या पंचेचाळीस मिनिटांत मी तिथे प्लायवूडचा तुकडा टाकते, टाचांना आणि चवड्यांना कडक फायबर लावलेले काळे बूट चढवते आणि आयरिश डान्सचा सराव करते. हात अंगाला चिकटलेले, मान ताठ, नजर समोर. वाजायचं ते फक्त पायांनी.

मार्चमधल्या त्या मंगळवारी मी चौथी स्टेप करत होते, आणि खांबाआडून एक करड्या रंगाचं मांजर डोकावलं.

मांजर नव्हतं ते. केसाळ टोपडं घातलेला माइक होता. माइकला काठी, काठीला हात, आणि हातामागे हेडफोन लावलेला एक उंच, सावळा मुलगा.

"सॉरी... आप कंटिन्यू कीजिए."

"आप क्या रेकॉर्ड कर रहे हो?" मी जमेल तितक्या कडक आवाजात विचारलं.

"एक्झॉस्ट फॅन. एका जाहिरातीसाठी. वॉचमन मुनीरभाईंना विचारून आलोय." तो मधेच मराठीत घसरला होता. "पण फॅन राहिला बाजूला. तुम्ही मोजायला लागलात... एक, दोन, तीन. मराठीत."

बारा वर्षं नाचतेय. मोजते ती ओठांच्या आत. शेजारी नाचणाऱ्या मुलीलाही कधी ऐकू गेलेलं नाही.

"मनातल्या मनात मोजते मी," मी म्हणाले.

"हो," तो हसला. "पण माइक चांगला आहे."

विघ्नेश परब. गाव देवगडजवळ, दुबईत चार वर्षं, फिल्मवाल्यांकडे साउंडचं काम, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून शेअरिंगच्या खोलीत राहायला. एवढं त्याने एका दमात सांगितलं आणि मग माझ्याकडे पाहत थांबला.

"नादिया तुस्कानो. वसई. फिजिक्स केलंय, आणि अल क्वोजच्या एका लॅबमध्ये काँक्रीटचे ठोकळे फोडते."

"काय करता?"

"साइटवर काँक्रीट ओतलं की त्याचे ठोकळे आमच्याकडे येतात. मशीनखाली ठेवायचे, किती दाबाला फुटतात ते लिहायचं. सातव्या दिवशी अंदाज येतो, अठ्ठाविसाव्या दिवशी खात्री."

"आणि नाचताना हातांना काहीच काम नाही?"

"हात हलले की मार्क जातात."

"मग कुणाला काही सांगायचं असेल तर?"

"पायांनी सांगायचं," मी म्हणाले, आणि का कोण जाणे... कान गरम झाले. बेसमेंट आहे, हवा खेळत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

शनिवारी अल क्वोजला क्लासमध्ये पोचले तर क्लास भरतो त्या गोदामाच्या दारात ट्रायपॉड, वायरी, आणि वायरींच्या गुंत्यात मांडी घालून बसलेला तोच. आमच्या टीचर, मिस ओर्ला, कुणालातरी हात हलवून हलवून सांगत होत्या की या डान्समध्ये हात हलवायचे नसतात. ती डायरेक्टर अरफा. आखातातल्या आयरिश डान्सच्या स्पर्धांवर डॉक्युमेंटरी करत होती, आणि तिला कॅमेऱ्यासाठी एक मुलगी हवी होती जी 'सोचती हुई दिखे'. मिस ओर्लांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

विघ्नेशने मान वर केली. "एक, दोन, तीन," तो आवाज न करता म्हणाला.

पुढचे सहा आठवडे तो माझ्या पायांशी होता. म्हणजे अक्षरशः. फळ्यांखाली माइक चिकटवायचा, तो प्रत्येक टेकआधी दोनदा तपासायचा, टाच आणि चवड्याचा आवाज वेगळा येतो का ते डोळे मिटून ऐकायचा. सॉफ्ट शूज, म्हणजे मऊ चामड्याचे, जवळजवळ मुके बूट घातले की रेकॉर्डरची लेव्हल वर न्यायची. कडक बूट आले की झटकन खाली. "नाहीतर आवाज फाटतो," तो म्हणाला. "फाटला की शिवता येत नाही."

"ताल कुठे शिकलास?" मी विचारलं. तोवर आम्ही अरे-तुरेवर आलो होतो.

"गावच्या भजनात झांज वाजवायचो. एक ठोका चुकला की बुवा गाणं थांबवून माझ्याकडे बघायचे. रागवायचे नाहीत. नुसते बघायचे."

"ते जास्त वाईट."

"खूपच! तुझ्या ओर्लाबाई पण तशाच बघतात."

एकदा शूटिंग आमच्या घरी होतं. स्पर्धेत घालायचा कुरळ्या केसांचा टोप मम्मीने केकच्या खोक्यातून काढून कॅमेऱ्यासमोर धरला. "पाचशे दिऱ्हॅम. म्हणजे अकरा हजारांच्या वर गेले की रे! आणि हिचे स्वतःचे केस काय वाईट आहेत?"

"नाहीत," विघ्नेश म्हणाला. फार पटकन म्हणाला. मग हेडफोन नीट करत बसला.

ते गेल्यावर मम्मी भांडी विसळता विसळता म्हणाली, "परब म्हणजे मालवणी ना? मासे खात असेल."

"मम्मी, तो साउंड रेकॉर्ड करतो."

"मग काय झालं? जेवत नाही काय तो?"

स्पर्धा एप्रिलच्या शेवटी, एका हॉटेलच्या बॉलरूममध्ये होती. माझ्या गटातल्या पहिल्या तिघी पुढच्या वर्षी आयर्लंडला, मोठ्या स्पर्धेला जाणार होत्या. हे माझं तिसरं वर्ष. आधीच्या दोन वर्षांत मी सहावी आणि पाचवी आले होते. आलेख काढला असता तर रेघ बरोबर दिशेने चालली होती.

सकाळी सॉफ्ट शूजची फेरी झाली. छान झाली. मग मी कडक बूट बांधले, मोजे खाली घसरू नयेत म्हणून पोटऱ्यांना गोंद लावला, आणि स्टेजवर उभी राहिले. अकॉर्डियनवाल्याने सूर धरला. पहिली स्टेप. दुसरी. तिसरी. फळ्या मस्त वाजत होत्या. चौथी स्टेप सुरू झाली, माझी सगळ्यात आवडती, आणि आठव्या मोजणीला उजवी टाच...

वाजली नाही.

पाय जागेवर होता, वेळेवर होता. जमिनीपासून दोन मिलिमीटर वर राहिला असेल. पाहणाऱ्याला काही कळलं नसणार. पण जज नुसते पाहत नाहीत. कागदावर शेरा आला, 'सुंदर ताल, एक टाच हरवली', आणि मी चौथी आले. तिसरी आली शारजाची एमान, दोन मार्कांनी पुढे.

टाच का हरवली ते मला पक्कं माहीत होतं. मी कुणालाही सांगितलं नाही.

नवव्या दिवशी अरफाचा फोन आला. "नादिया, एक प्रॉब्लेम है. कॉम्पिटिशन का तुम्हारा हार्ड शू का ऑडिओ पूरा फट गया है. पिक्चर एकदम क्लीन है. स्टुडिओ आ जाओ, पिक्चर देख के टॅप फिर से कर दो. यल्ला, चलो, एक घंटे का काम."

स्टुडिओ म्हणजे अल क्वोजमधलंच आणखी एक गोदाम, आतून काळ्या फोमने मढवलेलं. मध्ये लाकडी फळ्या, समोर पडदा. काचेपलीकडे विघ्नेश. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पडद्यावर मी नाचत होते, मुकी. तिच्या पायांवर पाय टाकत मी नाचले. चौथ्या स्टेपला आठव्या मोजणीला माझी टाच आपोआप पडली. खण्ण. स्वच्छ.

अरफाने टाळ्या वाजवल्या. "परफेक्ट! खलास!"

तिने पिक्चरला आवाज लावून दाखवला. पडद्यावरची नादिया आता कुठेच चुकत नव्हती. मी पाहत राहिले. खरं सांगते, मला ती फार आवडली. मम्मी हे बघेल, लॅबमधले बघतील, आणि सगळे म्हणतील, अरे, ही चौथी कशी?

आणि मग मला एमान आठवली. निकाल लागल्यावर बाथरूमच्या आरशासमोर टोप काढून, घामाने चिकटलेल्या केसांनी हसत-रडत उभी असलेली.

"दूसरा टेक लेते हैं," मी म्हणाले. "आठवें काउंट पे उस दिन एड़ी बजी नहीं थी."

"तो क्या हुआ? पैर तो सही जगह पे है. देखनेवाले को क्या पता चलेगा?"

"यही पता चलेगा कि एमान को गलत नंबर मिला. उसे सही मिला है." मग एकदम सुचलं ते बोलले, "लॅब में ठोकळा टूट गया तो टूट गया. मैं दूसरा ठोकळा तोड के उसका नंबर नहीं लिख सकती."

अरफा माझ्याकडे बघत राहिली. "ठोकळा," तिने शब्द चाखून पाहिला. "ठीक है, साइंसवाली. मैं करक चाय ले के आती हूँ. तुम लोग सच रेकॉर्ड करो."

दार बंद झालं. काचेपलीकडून विघ्नेशचा आवाज स्पीकरवर आला.

"मला वाटलंच होतं, तू थांबवशील."

"तुला माहीत होतं टाच वाजली नाही ते?"

"आवाज फाटलेला होता, तरी कळलं. आठव्याला भोक होतं."

"आवाज फाटला कसा, विघ्नेश? मशीन बिघडली?"

काचेपलीकडे त्याने हेडफोन कानांवरून गळ्यात घेतले.

"मशीनला काही झालं नव्हतं. सॉफ्ट शूजची लेव्हल वर होती, ती खाली घ्यायला विसरलो. अरफाला काल खरं सांगितलं. म्हणाली, पुन्हा झालं तर तिकडे लांब मुसफ्फाला पाठवीन, वर्कशॉपमधल्या वेल्डिंगचा आवाज रेकॉर्ड करायला."

"विसरलास? प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारा तू?"

"नादिया, मी..." तो थांबला. "मी मोजत होतो. तुझ्याबरोबर. मीटरकडे लक्षच नव्हतं."

"माहीत आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "स्टेजवरून दिसलं मला. नजर समोर ठेवायची असते आणि समोर तू होतास. तुझे ओठ हलत होते... पाच, सहा, सात. बारा वर्षांत माझ्याबरोबर कुणी मोजलं नव्हतं. आठ यायच्या आत माझी टाच जमीनच विसरली."

काचेपलीकडची खुर्ची सरकली. मधलं दार उघडलं. तो आत आला. हेडफोन गळ्यात, आणि त्यांची मागे ताणली गेलेली वायर तुटायच्या बेतात.

"म्हणजे तुझं आयर्लंड माझ्यामुळे गेलं."

"माझी टाच माझी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा जाईन." मग हळूच म्हटलं, "तेव्हा मात्र तू डाव्या बाजूला उभा राहा. नजरेबाहेर."

तो हसला. मग हसू ओसरलं. "हा नुसता अंदाज आहे की... खात्री?"

"आपण मार्चमध्ये भेटलो, विघ्नेश. अठ्ठावीस दिवस केव्हाच होऊन गेले."

मी फळीवर उभी होते, सवयीने ताठ, दोन्ही हात अंगाला चिकटलेले. त्याने त्या हातांकडे पाहिलं.

"हलवलेस तरी चालतील," तो म्हणाला. "इथे जज नाहीत."

मी हलवले.

अरफा तीन चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं काचेच्या आपापल्या बाजूला होतो, आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू होता. तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि काहीही न विचारता चहावर झाकण ठेवलं.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी दुपारी फिल्म दाखवली. पन्नासेक खुर्च्या असतील. पुढच्या रांगेत मिस ओर्ला, एमान आणि तिचे आईवडील. दुसऱ्या रांगेत विघ्नेश आणि मी, आमच्या मागे मम्मी, पिशवीत विघ्नेशसाठी तळलेल्या बोंबलांचा डबा घेऊन. हॉलभर त्याचा वास होता.

पडद्यावर चौथी स्टेप सुरू झाली. अंधारात माझा हात त्याच्या हातात होता. पाच, सहा, सात... मी श्वास धरला. पुढच्या ठोक्यासाठी मिस ओर्लांनी मान किंचित तिरकी केली. पूर्ण हॉलमध्ये तेवढं एकच डोकं हललं.

आठव्याला फळी वाजली नाही. त्या जागी विघ्नेशच्या बोटाने माझ्या तळहातावर एक ठोका दिला. हलका, आणि अगदी वेळेवर.