सायबानाचा एक कोपरा

तामिरात, म्हणजे बांधकाम खात्यात ओव्हरसिअर असलेल्या नरहररावांचा विश्वास ओळंब्यावर आणि पाणसळीवर होता. देवावरही होता, पण देवाला ओळंबा लावून बघायचा प्रसंग कधी आला नव्हता.

आळंदच्या सडकेचं काम कडगंचीच्या पुढं सरकलं, तशी त्यांची घरगाडीही पुढं सरकली. घरगाडी म्हणजे चार चाकांवरची लाकडी खोली. कुणा हौशी जागीरदारानं ती शिकारीला जायला बांधून घेतली होती. हौस फिटल्यावर ती फिरतीच्या अंमलदारांसाठी खात्याकडं आली. निजायला दोन फळ्या, कोपऱ्यात शेगडी, खिडकीला हिरवी काच. पक्की सडक असेल तिथवर तिला लॉरी ओढी आणि सडक संपली की बैल ओढीत. खातं सडका बांधणारं असल्यामुळं बहुतेक वेळा बैलच ओढीत.

गाडीच्या दारावर ताडपत्रीचा सायबान होता. प्रवासात गुंडाळून ठेवायचा, मुक्कामाला ओढून काढायचा. पुढच्या लोखंडी दांडीला दोन टोकांना दोन खांब, खांबांना दोऱ्या आणि दोऱ्या जमिनीतल्या खुंट्यांना ताणलेल्या. त्या सावलीत खुर्ची टाकली की कचेरी झाली आणि पाट टाकला की घर.

श्रावण लागला आणि सायबान वाकडा झाला.

उजवा कोपरा खाली आला होता. नरहररावांनी दांडीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडं जाऊन बसला. त्यांना नवल वाटलं नाही. रेगडीची काळी जमीन, पावसाळ्यात फुगते, उन्हाची तिरीप आली की भेगाळते, तिच्यावर लाकडी खुंटी काय टिकणार. त्यांनी खांबाखाली फरशीचा तुकडा सरकवला, खुंटी काढून दुसरीकडं ठोकली, दोरी ताणली. बुडबुडा मधोमध आला. ते आत जाऊन जेवले.

दुपारी कोपरा पुन्हा खाली होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरी बदलली. ओली दोरी आवळते, वाळली की सैल पडते, हे त्यांनी मुकादम नागप्पाला समजावून सांगितलं. नागप्पानं मान डोलावली. दुपारी दांडी कलली तेव्हा नागप्पा म्हणाला, "गाईनं अंग घासलं आसंल, साहेब."

"इथं गाय कुठंय?"

"तेबी खरंच म्हणा."

तिसऱ्या खेपेला नरहररावांनी बिजागऱ्या उघडून पाहिल्या. त्या ठाकठीक होत्या. फक्त दांडीचा उजव्या टोकाकडचा वीतभर भाग चकचकीत झाला होता. बाकीच्या दांडीवर गंज होता आणि तेवढ्याच जागेवर, हातांनी घासून घासून यावी तशी, झिलई होती. त्यांनी त्यावर बोट फिरवलं. लोखंड कोमट लागलं. आभाळ भरलेलं होतं आणि ऊन सकाळपासून पडलेलं नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट चांगली झाली होती, आणि ती एवढी चांगली होती की नरहररावांनी तिचा सायबानाशी संबंध लावला नाही. मालतीबाई बाहेर येऊन बसू लागल्या होत्या.

गेल्या वर्षीच्या आषाढात गुलबर्ग्यात पटकीची साथ आली आणि त्यांची एकुलती एक गोदू दोन दिवसांत गेली. तिला नुकतंच सातवं लागलं होतं. तेव्हापासून मालतीबाई बोलत तेवढं कामापुरतं, खात तेवढं जगण्यापुरतं. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. नरहररावांनी त्यांना घरगाडीत आणलं. हवा पालटली, त्या पालटल्या नाहीत. फळीवर भिंतीकडं तोंड करून बसत, आणि बाहेर गिट्टी फुटत राही.

आता त्या दुपारी सायबानाच्या उजव्या कोपऱ्याखाली पाट टाकून बसत. एके दिवशी केसांना तेल लावलेलं दिसलं. एके दिवशी त्या काहीतरी गुणगुणत होत्या. नरहररावांनी टेबलावरचा नकाशा सरळ केला आणि डोळे पुसले, कारण गिट्टीची धूळ फार होती.

"बरं वाटायलंय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. दुपारी बरं वाटतं."

"दुपारीच कामून?"

"दुपारी येती की."

कोण, हे नरहररावांना विचारता आलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

आदल्या उन्हाळ्यात गोदू महिनाभर या गाडीत राहिली होती. खुर्चीवर चढून ती दांडीचं उजवं टोक धरायची आणि पाय सोडून लोंबकळायची. "अप्पा, झोका द्या की." नरहरराव म्हणायचे, "सायबान वाकडा होतो, गोदू. पंचमीला चिंचेला खरा झोका बांधू." पंचमीच्या आधी आषाढ येतो हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच असतं.

पंचमी जवळ आली तसा मालतीबाईंचा भाऊ श्रीनिवासराव टांगा घेऊन बहिणीला न्यायला आला. गुलबर्ग्यात वकिली करणारा, सरळ माणूस. मालतीबाईंनी त्याला चहा दिला, विचारपूस केली, आणि म्हणाल्या, "मला यायचं न्हाई रे. मीच माहेरी आले तर माझी लेक कुणाकडं यायची?"

श्रीनिवासरावानं मेहुण्याकडं पाहिलं. मेहुणे खांबाकडं पाहत होते.

टांग्यात बसता बसता तो हळू आवाजात म्हणाला, "भावजी, तिला यातनं ओढून काढा. जितकं लांबवाल तितकी ती हातची जायली. एक लेकरू गेलं. हीबी गेली तर तुमच्याकडं काय राहतं?"

टांगा दिसेनासा होईपर्यंत नरहरराव सडकेवर उभे राहिले. मग परत येऊन त्यांनी प्रथमच दुपारभर नकाशे न उघडता सायबानाकडं बघत बसायचं ठरवलं.

वारा नव्हता. तुरीचं पानही हलत नव्हतं. मालतीबाईंनी पाट टाकला, पदर सावरला आणि बसल्या. थोड्या वेळानं दांडीचं उजवं टोक सावकाश खाली आलं, जसं भरली घागर उचलताना खांदा खाली येतो. दोरी सैल पडली. मग दांडी जराशी वर गेली. पुन्हा खाली. मालतीबाईंचा उजवा हात मांडीवरून उठला आणि हवेत पुढं गेला, मागं आला. झोक्याला हलकेच रेटा द्यावा तसा.

नरहररावांनी ताडपत्रीकडं पाहिलं. ती आता स्थिर होती. जमिनीवरची तिची सावली हलत होती.

त्या दिवशी त्यांनी नागप्पाला कडगंचीच्या लोहाराकडं पाठवलं आणि हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या करून आणवल्या.

पण दुसरा दिवस पंचमीचा निघाला. काम बंद होतं. नागप्पा धुतलं धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून नुसता तोंड दाखवायला आला होता.

"घण आण," नरहरराव म्हणाले.

"आज?"

"आज."

"आज भुईत काय खुपसत न्हाईत, साहेब. नांगर न्हाई, कुदळ न्हाई, खुट्टीबी न्हाई. घरात आज इळीवर भाजी चिरत न्हाईत. खाली कोण असतं, कुणाला लागतं, काय सांगावं."

"ही सरकारी जमीन आहे, नागप्पा."

"सापाला काय म्हाईत, साहेब, सरकारी हाय म्हणून."

एरवी नरहरराव हसले असते. नागप्पानं घण आणून दिला, जमिनीवर ठेवला, हातात दिला नाही, आणि घरी झोके बांधायचेत म्हणून निघून गेला. लांब, गावाच्या बाजूला, चिंचेवर पोरींचा गलका चालला होता. तो येई, वाऱ्यावाचून येई, आणि ओसरे.

मालतीबाई सकाळपासून नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. ताटलीत ज्वारीच्या लाह्या होत्या. सायबानाचा कोपरा कधी नव्हे इतका खाली आला होता, आणि दांडी करकरत होती, एका लयीत.

नरहररावांनी खुंटी टेकवली.

"अहो, आजचा दिवस राहू द्या," मालतीबाई म्हणाल्या.

"लोखंडाला वार नसतो."

"उद्या ठोका. उद्या मी काय म्हणत न्हाई. वर्सानं एक दिवस तर यायचं लेकीनं."

"मालती, तिथं कुणी नाही."

हे ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज ओव्हरसिअरचा राहिला नाही. "कुणी नाही गं. मीच आहे फक्त. मी आहे इथं. माझ्याकडं बघ की एकदा."

मालतीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. खरंच पाहिलं, वर्षभरात पाहिलं नव्हतं तसं, मायेनं. मग म्हणाल्या, "बरं. तिला खाली उतरू द्या तरी."

नरहररावांनी घण उचलला.

पहिल्या घावाला खुंटी वीतभर गेली. दुसऱ्याला आणखी. जमीन मऊ होती, विरोध करत नव्हती. दांडीचं करकरणं वाढलं. त्यांनी वर पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि त्यांनी पाहिलं नाही.

शेवटच्या घावाबरोबर करकर थांबली.

गावाकडचा गलकाही त्याच क्षणी थांबला. हा योगायोग असणार.

त्यांनी दोरीऐवजी तार ओवली, पीळ दिला, पक्कडीनं आवळली. दांडी वर आली आणि वरच राहिली. पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध, हलेना. त्यांनी दांडीला लोंबकळून पाहिलं. सायबान जागचा हलला नाही.

मालतीबाई उठल्या. लुगड्यावरच्या लाह्या झटकल्या. तुरीच्या बांधाच्या बाजूला चार पावलं गेल्या. तारेचं उरलेलं टोक दुमडताना नरहररावांनी त्यांना पाठमोरं पाहिलं, आणि पुन्हा मान वर केली तेव्हा बांधावर कुणी नव्हतं.

"मालती," त्यांनी हाक मारली.

"आले," आवाज गाडीच्या मागून आला. आणि त्या आल्याही, पदर खोचत. चेहरा शांत होता. सायबानाकडं पाहून म्हणाल्या, "चांगला सरळ झाला. चला, पान वाढते."

एवढं सहज. एवढं जुनं, घरातलं वाक्य. नरहररावांनी हात धुवायला तांब्या घेतला. श्रीनिवासरावाला पत्र लिहायला हवं, त्यांच्या मनात आलं. आजच लिहू.

मालतीबाई आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला.

तेवढ्यात सडकेकडून नागप्पाची बायको सिद्धम्मा आली. फडक्यात पुरणाची दिंडं आणि लाह्या बांधलेल्या.

"साहेब, अक्का कुठं जायल्यात?"

"कुठं? आत आहे ती."

"न्हाई वो. आत्ता सडकेला भेटल्या की मला, आळंदच्या अंगाला. म्या हाका मारल्या, दिंडं घिऊन जावा म्हणलं. वळून बघितलं न्हाई. अशा जायल्या होत्या." सिद्धम्मानं आपला उजवा हात कमरेखाली, जरा बाजूला धरून दाखवला. त्या हाताची मूठ अर्धवट मिटलेली होती, आत दुसऱ्या कुणाची तरी बोटं असल्यासारखी.

"दुसरी कोणी असेल," नरहरराव म्हणाले.

"आसंल," सिद्धम्मा म्हणाली. तिनं फडकं पायरीवर ठेवलं. आत वाकून बघायचं तिच्या मनात होतं, असं वाटलं. पण ती न बघता गेली, आणि जाताना जरा लांबून गेली.

आतून हाक आली, "येताय ना? गार होतंय."

नरहरराव पायरी चढले. गाडी चाकांवरच्या लोखंडी कमानींवर एका बाजूला दबली, करकरली आणि त्यांनी पाट गाठल्यावर पुन्हा सावरली. जुनी गाडी, कुणीही चढलं की असंच करायची.

पानात भात होता, वरण होतं, कडेला लिंबाची फोड. मालतीबाई समोर बसल्या होत्या.

"मीठ बाहेरच राहिलं वाटतं," त्या म्हणाल्या, आणि उठून बाहेर गेल्या.

गाडी हलली नाही.

नरहररावांनी घास हातात धरला होता. ते वाट पाहत राहिले. सायबानाखाली पावलं वाजली नाहीत. मग मालतीबाई पायरी चढून, दारातून आत आल्या, मिठाची वाटी घेऊन. नवं लुगडं, तेल लावलेले केस, चेहऱ्यावर ती मघाची माया.

गाडी हलली नाही. तांब्यातलं पाणीही नाही.

त्यांनी पानात मीठ वाढलं आणि समोर बसल्या.

"भात वाढू अजून?"

नरहररावांच्या पानात भात तसाच होता.

"वाढ," ते म्हणाले.