तळवड्याच्या मैदानावर शूटिंगच्या गाड्या

सकाळी वर्षाली मैदानावर आली, तर तिच्या शिकवायच्या जागेवर एक भलीमोठी पांढरी व्हॅनिटी व्हॅन उभी होती.

तळवड्यात छोट्या वर्कशॉपांच्या रांगेमागे हे मोकळं मैदान. वर्षालीचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक जुनी गाडी आणि ही एवढी जागा. इथे ती बायकांना गाडी शिकवायची. आज मात्र व्हॅनिटीच्या मागे जनरेटरची गाडी, तिच्यामागे लाइटचे टेम्पो… आणि थंडीतल्या धुक्यात, हातात दोरीचं भेंडोळं घेऊन उभा असलेला एक सावळा, उंच तरुण.

ती तणतणत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. गाड्या काढा म्हणाली. त्याने शांतपणे खिशातून महापालिकेच्या परवानगीचा कागद काढून दाखवला. समोरच्या बंद वर्कशॉपात एका वेबसीरिजचं शूटिंग होतं, आणि युनिटच्या गाड्या लावायला हे मैदान महिनाअखेरपर्यंत रीतसर भाड्याने घेतलं होतं. वर्षालीकडे कसलाच कागद नव्हता. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. आपली बाजू लंगडी, आणि समोरचा माणूस साधं आवाज चढवायलाही तयार नाही, याचा तिला जास्तच राग आला.

"शनिवारी माझ्या चाचींची आरटीओची टेस्ट आहे," ती शेवटी म्हणाली. "रिव्हर्समध्ये दोनदा नापास झाल्यात. त्यांनी प्रॅक्टिस करायची कुठे?"

त्याने तिच्या गाडीकडे पाहिलं. स्टिअरिंगवर तिच्याकडे गाडी शिकणाऱ्या नजमुन्निसा चाची बसल्या होत्या. पिंपरीत त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्यांनी काच खाली करून त्याला आदबीने सलाम केला. तो हसला. हसताना त्याच्या एका गालावर खळी पडते, हे वर्षालीला उगाचच दिसलं.

मग तो चुना घेऊन आला आणि व्हॅनिटीमागे, कुंपणाजवळ, त्याने एक लांब पट्टा आखून दिला. तेवढ्या जागेत गाडी पुढेमागे नक्की होत होती.

त्याचं नाव मालोजी. लातूरकडचा. युनिटच्या गाड्यांची सोय लावणं आणि परवानग्यांसाठी ऑफिसांच्या खेपा घालणं हे त्याचं काम. आणि अख्ख्या पार्किंगची जबाबदारी एकट्यावर पहिल्यांदाच आली होती. हे सगळं तिला हळूहळू कळलं, कारण तो रोज सकाळी युनिटच्या किचनमधून दोन ग्लास चहा घेऊन यायचा. एक चाचींना द्यायचा. दुसरा तिच्यापुढे धरायचा, आणि स्वतः मात्र तसाच उभा राहायचा.

"तुम्ही रोज इतकं ओरडताव, घसा दुखत नाही का?" त्याने एकदा विचारलं.

"मी ओरडत नाही. शिकवते."

"मग मला बी शिकवा की."

"काय?"

"असं… समोरच्याला गप करायला."

ती हसू दाबत वळली, पण चाचींनी ते पाहिलंच. थोड्या वेळाने रिव्हर्स घेता घेता चाची गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "बेटी, तू हा आरसा कसा लावलास गं? मला मागची लाइन दिसतच नाही. सारखा तो पोरगाच दिसतो."

वर्षालीने आरसा सरळ केला. कान मात्र तापलेले राहिले.

गुरुवारी दुपारी गडबड झाली. सेटवर ऐनवेळी जास्तीचं सामान आलं आणि मैदानात जागा नाही म्हणून ड्रायव्हरांनी दोन टेम्पो रस्त्यावरच लावले. मग ते जेवायला निघून गेले. तेवढ्यात चाकणच्या कंपनीची शिफ्टची बस आली आणि तिथेच अडकली. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. वाहतूक हवालदार आले. रस्ता लगेच मोकळा झाला नाही तर परवानगी रद्द करायला सांगेन, असं त्यांनी मालोजीला बजावलं. परवानगी गेली की शूटिंग थांबणार, आणि त्याची नोकरीही जाणार.

वर्षाली चाचींना शेवटच्या प्रॅक्टिससाठी घेऊन आली, तेव्हा तो टेम्पोच्या दाराशी घामाघूम उभा होता. ड्रायव्हर फोन उचलत नव्हते.

"चाव्या तर हातातच आहेत," ती म्हणाली. "काढत का नाही?"

त्याने मान खाली घातली. "येत नाही," तो इतक्या हळू म्हणाला, की तिला पुढे झुकावं लागलं. "मला… गाडी चालवायलाच येत नाही."

तिला हसू आलं नाही. त्याचा चेहराच तसा झाला होता. "आमच्या प्रॅक्टिसच्या पट्ट्यात लावते," म्हणत तिने चाव्या घेतल्या आणि ती टेम्पोत चढली. चाची पदर खोचून रस्त्यात उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरून त्यांनी बस थोपवली. मालोजी टेम्पोच्या मागे धावला.

"येऊ द्या… येऊ द्या… डावीकडं जरा… बास."

एवढा मोठा टेम्पो तिने कधी मागे घेतला नव्हता. दुसरा टेम्पो आत घेताना तिच्या लक्षात आलं, की आपण आरशात बघतोय, पण विसंबलोय ते त्या आवाजावर.

बस निघून गेली. हवालदारांनी दम भरून विषय मिटवला. मग व्हॅनिटीच्या सावलीत बसून मालोजीने तिला सांगितलं, की त्याचे वडील टेम्पो चालवायचे. तो शाळेत असताना घाटातल्या अपघातात ते गेले. तेव्हापासून आईने त्याला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.

वर्षालीने टेम्पोच्या चाव्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. "लर्निंग लायसन काढ," ती मग म्हणाली. "मी शिकवेन तुला."

तिने 'तू' म्हटलेलं दोघांनाही कळलं. दोघांनीही ते कळल्याचं दाखवलं नाही.

शनिवारी चाची पास झाल्या आणि सगळ्या युनिटला पेढे वाटून गेल्या. महिना संपला, शूटिंग आटोपलं, गाड्या एकेक करून निघाल्या. रिकाम्या मैदानावर मालोजी पहिल्या गिअरमध्ये गोल गोल फिरत होता. बाजूला वर्षाली बसली होती. अचानक मैदानाच्या मधोमध त्याने गाडी बंद केली.

"काय झालं?"

"मला बोलायचंय. गाडी आणि बोलणं, दोन्ही एकदम जमत नाही अजून."

त्याचे हात स्टिअरिंगवरच होते.

"पुढचं काम कोल्हापूरला हाय. उद्या निघायचंय… आईला काल फोन केलतो. गाडी शिकायलोय म्हणून सांगितलो. ती आधी रडली. मग विचारली, शिकवणारी कोण?"

"मग?"

"मग सांगितलो… की मला ती लई आवडती. पण तिला अजून सांगितलो नाही."

वर्षालीने काचेबाहेर पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"कोल्हापूरला जा," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. "काम सोडायचं नाही. पण रविवारी सुट्टी असेल ना? पिंपळे गुरवला ये, घरी. आई-बाबांना भेटायला."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय? मी नको म्हणत असते, तर घरी बोलावलं असतं का?"

त्याला ते समजायला एक क्षण लागला. मग ती खळी पडली, आणि वर्षालीने या वेळी ती मनसोक्त पाहून घेतली.

रविवारी बेल वाजली. तिने केसांवरून हात फिरवून दार उघडलं, तर तो एकटा नव्हता. त्याच्या मागे हिरव्या लुगड्यातली एक ठेंगणी बाई उभी होती. लातूरहून रात्रभर एसटीने आलेली. त्याची आई, सुभद्राबाई. ही बाई आता काय म्हणेल…

सुभद्राबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तूच का गं माझ्या लेकराला गाडी शिकवायलीस?"

वर्षालीने मान डोलावली.

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा कुरवाळला. "नीट शिकव, माय," त्या म्हणाल्या, आणि चपला काढून घरात आल्या.